आर ड्राइव्हमधली गोदूबाई

साहेबराव चेअरमनच्या सुनेचा आवाज कसा आहे, असं चाकुरात कुणाला विचारलं असतं, तर त्यानं आधी तिला आवाज आहे का, याचीच खात्री करून घेतली असती. अयोध्या लग्न होऊन या घरात आली तेव्हा सासूनं, म्हणजे कावेरीबाईनं, पहिल्याच आठवड्यात तिला रीत समजावून दिली. मामांसमोर बोलायचं नाही. सासऱ्याला मामा म्हणायचं, पण तेही मनातल्या मनात. चहा झाला हे कळवायला कपबशी वाजवायची. जेवण वाढलं हे कळवायला ताट जरा जोरात ठेवायचं. फारच महत्त्वाचं काही असेल तर ते आत्याबाईच्या, म्हणजे सासूच्याच, कानात सांगायचं. मग आत्याबाई ते बैठकीत मोठ्यानं सांगणार, त्यात स्वतःच्या पदरचे दोन शब्द घालून. या रीतीत अयोध्याचं पोरगं अकरावीला गेलं. आपली सून गरीब गाय आहे असं साहेबराव चारचौघांत सांगत. गाय हंबरते कशी, हे मात्र त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

साहेबराव स्वतः भरपूर बोलत. सोसायटीचं चेअरमनपद जाऊन जमाना झाला होता, पण नाव चिकटून राहिलं होतं. भिंतीवरचं कॅलेंडर काढावं आणि खिळा राहावा तसं. त्यांचं बोलणं ‘मुद्दा असा हाय’ पासून सुरू व्हायचं आणि मुद्दा यायच्या आत समोरच्याचं जेवण उरकायचं.

अयोध्या अर्धापूरची. केळीच्या बागांच्या गावची. लहानपणी ती केळीचे व्यापारी, एसटीचा कंडक्टर, शाळेतले हेडमास्तर, सगळ्यांचे आवाज काढायची. तिची थोरली बहीण राजकन्या हसून हसून केळीच्या पानांवर लोळायची. एकदा खुद्द व्यापाऱ्यानं ऐकलं आणि तो म्हणाला होता, “पोरी, माझ्यापेक्षा तूच भाव चांगला पाडतीस.” लग्नानंतर हे सगळे आवाज पोटात गेले. गेले म्हणजे मेले नाहीत, नुसते खाली बसले.

ते वर आले कॉम्प्युटरमुळं. लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाइलवर भरायला लागल्या तेव्हा मुलासाठी, अंगदसाठी, तिच्या नवऱ्यानं लातूरहून एक जुना कॉम्प्युटर आणला. नवरा बालाजी, त्याचं खता-बियाण्याचं दुकान. कॉम्प्युटर जोडून दिला मलप्पानं. मलप्पा मूळचा निलंग्याकडचा, लातुरात त्याचं दुरुस्तीचं दुकान, आणि बोलता बोलता कानडी डोकवायचं. कोणत्याही वहिनीला तो अक्का म्हणायचा. एका बंद पडलेल्या क्लासच्या लॅबमधून त्यानं यंत्रं उचलली होती. त्यानं आधीच सांगितलं, “अक्का, हार्ड डिस्क म्हातारी हाय, कण्हत कण्हत चालते. पण रॅम बक्कळ टाकलीय. चार मशिनींची काढून हिलाच घातली.”

पुढं अंगद बारावीच्या तयारीला लातूरच्या हॉस्टेलवर गेला आणि कॉम्प्युटर बैठकीच्या मागच्या खोलीत विणलेल्या रुमालाखाली झोपला. अयोध्यानं तो रुमाल काढला. लग्नाआधी तिनं कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. बोटं विसरली नव्हती. आधी शेजारणींची आधार कार्डं, पोरांच्या गुणपत्रिका छापून द्यायला लागली. मग एका दुपारी, मामा पारावर गेलेले, आत्याबाई घोरत पडलेल्या, तिनं अंगदच्या ऑनलाइन क्लासचा कॉलरचा माइक लावला, दार लोटून त्यावर वाकळ टांगली आणि बोलायला सुरुवात केली.

तिच्या तोंडून गोदूबाई निघाली. सत्तरीची, दातपडकी, पण जिभेला धार असलेली म्हातारी. ती कुणालाही फोन लावायची.

“अवो वायरमन दादा, लाईट कधी येणार?”

“मावशी, आलीच समजा.”

“समजून समजून दळण दळलं जात न्हाई, बाबा.”

वायरमन अयोध्याच, गोदूबाई अयोध्याच, आणि मागून खोकत येणारा गोदूबाईचा नवराही अयोध्याच. त्या नवऱ्याचं नाव ‘माजी’. तो कशाचा माजी हे तिनं कधी सांगितलं नाही. गरजच नव्हती, प्रत्येक गावात एकेक असतोच.

“मुद्दा असा हाय, गोदू. आमच्या काळात लाईट जात नव्हती.”

“तुमच्या काळात लाईटच नव्हती. जाईल कुठून?”

हे तिनं राजकन्येला पाठवलं. राजकन्येनं ते अर्धापूरच्या बचत गटाच्या ग्रुपवर टाकलं, नाव न सांगता. तिथून ते नांदेडला गेलं, नांदेडहून उदगीरला, आणि फिरत फिरत चाकूरला आलं तेव्हा त्यावर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेलं’ असा शिक्का होता. अयोध्याला तो शिक्का बघून असा आनंद झाला, जसा दुसरीला मंगळसूत्र बघून होतो.

पण म्हाताऱ्या हार्ड डिस्कला गोदूबाई झेपेना. तीन आवाज एकावर एक ठेवले, मागं कोंबडं आरवलं, की कॉम्प्युटर अडखळायचा आणि गोदूबाई तोतरी व्हायची. अयोध्यानं मलप्पाला फोन लावला. हे आवाजाचं काम कशासाठी ते सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही.

“अक्का, तुमच्या स्वयंपाकघरात माळा हाय आणि ओटा हाय. हाय ना? माळ्यावरचं डबं काढायला शिडी लागते. ती म्हंजे तुमची डिस्क. ओट्यावर मांडलेलं हात लांबवला की हाती. ती रॅम. आता तुमच्याकडं ओटा हाय भलामोठा आणि माळा मोडका. मग ओट्याचाच एक कोपरा माळा म्हणून वापरायचा.”

“म्हंजे?”

“म्हंजे रॅमचा तुकडा कापून त्याचीच डिस्क करायची. कॉम्प्युटरला वाटतं, नवीन ड्राइव्ह आलाय. पळतंय बघा मग. फकस्त एक हाय, लाईट गेली की ओटा पुसून लख्ख. काही म्हंता काही राहात न्हाई.”

“काही म्हंजे काहीच?”

“खणून काढायलाबी काही नसतंय, अक्का.”

मलप्पाला वाटलं ती घाबरली. ती घाबरली नव्हती. या घरात तिच्या मालकीचं असं काहीच नव्हतं, ज्याला दुसऱ्याचा हात लागत नाही. कपाटाची किल्ली आत्याबाईच्या कनवटीला, मोबाइल जो तो उचलून बघणार, पाकीट आलं की बालाजी फोडणार. आणि आता हा माणूस फोनवर सांगत होता की अशी एक जागा करता येते, जी बटण दाबल्यावर उगवते आणि बंद केल्यावर जागेसकट नाहीशी होते. मलप्पानं लातूरहून तिच्या कॉम्प्युटरवर ताबा घेऊन ते बसवून दिलं. पडद्यावर सी, डी यांच्या खाली एक नवीन खूण उगवली: आर.

त्या दिवसापासून अयोध्याचा कारभार आरमध्ये. आवाजाचं सॉफ्टवेअर आपले सगळे तुकडे आरमध्ये टाकायचं, आणि गोदूबाई न अडखळता फटाफट बोलायला लागली. इंटरनेटचा ब्राउझर जे साठवायचा तेही तिनं तिथंच वळवलं. त्यामुळं जुनाट यंत्रावर पानं झरझर उघडायची आणि बंद केल्यावर कुणी काय बघितलं याचा मागमूस राहायचा नाही. फक्त रोज मोबाइल पडद्यासमोर धरून व्हॉट्सॲप नव्यानं जोडावं लागायचं. शेजारणींची आधार-पॅनची कागदं ती आरमध्येच उतरवायची. छापली, यंत्र बंद, कागद गायब. शेजारच्या तनुजाच्या बँकेच्या पुस्तकाचा फोटो बाजारातल्या दुकानाच्या कॉम्प्युटरवर महिनोन्‌महिने पडून होता हे कळल्यापासून गल्लीतल्या बाया दुकानाची पायरी चढेनात. “अयोध्याकडं जा,” त्या म्हणायच्या, “तिच्या मशीनला विसरायचा रोग हाय.”

कधी कधी खरंच लाईट जायची. घरात इन्व्हर्टर होता, पण त्याची लाईन साहेबरावांनी टीव्हीला आणि देवघरातल्या बल्बला जोडून घेतली होती. बातम्या आणि देव यांच्यात खंड नको. कॉम्प्युटर त्या यादीत नव्हता. दोन तास खपून जमवलेली गोदूबाई एका क्षणात जायची. पहिल्यांदा झालं तेव्हा अयोध्या काळ्या पडद्याकडं बघत बसली. दुसऱ्यांदा तिनं वायरमनच्या खानदानाचा उद्धार केला. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “गेलं तर गेलं. घसा तर हाय.” आणि लाईट आल्यावर तेच सगळं पुन्हा बोलली, पहिल्यापेक्षा तिखट. चालू ठेवायचं म्हणजे ठेवायचं. तयार झालेली क्लिप राजकन्येला गेली की मोबाइलमधूनही पुसायची. घराला पत्ता लागायचा नाही.

घराला गोदूबाईचा पत्ता मात्र लागला होता. एकदा जेवताना साहेबरावांनी मोबाइल ताटाशेजारी ठेवून क्लिप लावली. अयोध्या चुलीपुढं भाकरी थापत होती.

मोबाइलमधला माजी म्हणत होता, “मुद्दा असा हाय, गोदू, मला इचारल्याबिगर गावात पान हालत नव्हतं.” आणि गोदूबाई म्हणत होती, “आता हलून राहिलंय ना? मग बसा उगी.”

साहेबरावांना हसता हसता ठसका लागला. “काय जिरवलीय म्हाताऱ्याची! असली माणसं असतेत बरं का. पारावरच्या त्या मष्णाजीसारखी. कामधंदा न्हाई, नुसती बडबड.”

कावेरीबाईनं नवऱ्याकडं बघितलं, मग भाकरीकडं. “बाईचा आवाज हाय पण. नामी बोलती.”

“बाईचा कशाचा? गडी असतेत. बाईचा आवाज काढून राहिलेत. बाईमाणसाला एवढं सुचतंय व्हय?”

अयोध्यानं भाकरी तव्यावर अशी टाकली की तवा हलला. साहेबरावांना वाटलं, भाकरी झाली हे कळवून राहिली.

इथवर सगळं मजेत होतं. मग एका सकाळी दुकानात जाता जाता बालाजीनं बातमी दिली. गावातल्या गणेश मंडळानं गोदूबाईच्या कलाकाराचा सत्कार ठेवला होता. कलाकार सापडला होता. लातूरच्या ऑर्केस्ट्रातला शिवशंकर, लग्नात गाणी म्हणणारा, मधूनमधून नकला करणारा. आणि सत्कार होणार होता माजी चेअरमन साहेबराव यांच्या शुभहस्ते.

अयोध्या हातातलं तांदळाचं ताट तसंच धरून उभी राहिली. आजवर तिनं बालाजीला काही सांगितलं नव्हतं. आता सांगितलं, एका दमात, आणि शेवटी गोदूबाईच्या आवाजात दोन वाक्यं बोलून दाखवली. बालाजी खुर्चीत बसला. बराच वेळ तो बायकोकडं असं बघत होता, जसं कुणी आपल्याच घराला मागून आणखी एक दार आहे हे कळल्यावर बघावं.

“तू? दादांचा, माझ्या बापाचा, आवाज बी तूच?”

“हाव.”

तो हसला, मग हसू गिळलं. “बरं, मग आता जाऊ दे ना. त्याला मिळून राहिलं तर मिळू दे. आपलं नाव न्हाई आलं ते चांगलंच हाय. दादांना कळलं की माजी कोण, तर घर डोक्यावर घेतील.”

“म्हंजे बोलायचं म्या आन् शाल त्यानं घ्यायची?”

“पुरावा हाय का तुझ्याकडं?”

तिथं ती अडली. दुपारी तिनं मलप्पाला फोन केला, आणि या वेळी कशासाठी ते सांगितलं. मलप्पा आधी “अय्यय्यो” म्हणाला, मग त्याची बायको गोदूबाईची पारायणं करते असं म्हणाला.

“अक्का, हार्ड डिस्क असती तर पुसलेलंबी खरवडून काढलं असतं. पण आरमधलं? मीच म्हणलो होतो ना, खणायला काही नसतंय.”

राजकन्या फोनवर तणतणली. “मी येते चाकूरला. मी सांगते सगळ्यांना, पहिल्यांदा माझ्याकडं आलं म्हणून!”

“तू माझी बहीण. बहिणीनं बहिणीची तळी उचलली म्हणतील.”

“मग काय करतीस?”

अयोध्यानं फोन ठेवला. तिनं आपली खोली इतकी स्वच्छ ठेवली होती, की ती तिथं राहत होती हेच आता कुणी मानलं नसतं. लोकांची कागदं झाकायची तशी तिनं स्वतःलाही झाकून टाकलं होतं. पण सगळ्यात जास्त टोचत होतं ते साहेबरावांचं वाक्य. बाईमाणसाला एवढं सुचतंय व्हय. शिवशंकरच्या खांद्यावर शाल पडली की ते वाक्य खरं होणार होतं, साक्षी-पुराव्यासकट, ध्वनिक्षेपकावरून.

सत्काराच्या दिवशी दुपारी, रिवाजाप्रमाणं, पाहुणे आधी चेअरमनच्या घरी चहाला आले. बैठकीत मंडळाची चार पोरं, पिशवीत शाल-श्रीफळ, आणि मधे शिवशंकर. पांढरा झब्बा, केसाला तेल, चेहरा जरा ओशाळलेला. तो वाईट माणूस नव्हता. एका लग्नात त्यानं गोदूबाईची नक्कल केली, लोकांना वाटलं तोच मूळ, आणि त्यानं ‘नाही’ म्हणायला थोडा उशीर केला. मग तो उशीर वाढतच गेला.

“मुद्दा असा हाय,” साहेबराव त्याला सांगत होते, “कला म्हंजे निरीक्षण. तुम्ही तो माजी उभा केलाय ना, तसली माणसं मी स्वतः बघितलीत.”

“हो ना, हो ना,” शिवशंकर म्हणाला आणि बशीत बघत राहिला.

अयोध्यानं चहा पाठवला. मग मागच्या खोलीत गेली, कॉम्प्युटर चालू केला, आर उगवायची वाट बघितली, माइक लावला. वाकळ टांगण्यासाठी हात वर गेला. तो तिनं खाली घेतला. दार सताड उघडलं, त्याला विटेचा अडसर लावला आणि डोक्यावरचा पदर नीट करून मोठ्यानं, बैठकीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी, सुरू झाली.

“अवो माजी! बैठकीत कोण आलंय?”

बैठकीतला चहाचा सुरका थांबला.

“मुद्दा असा हाय, गोदू. पाव्हणे आलेत. त्यांचा सत्कार हाय.”

“कशापायी?”

“तू जे बोलतीस, त्यापायी.”

“मग मी काय मेली हाय का?”

मंडळाच्या एका पोराच्या नाकातून चहा बाहेर आला. दुसऱ्यानं शिवशंकरच्या ओठांकडं बघितलं. ते बंद होते. साहेबरावांनी मान वळवली. उघड्या दारातून त्यांना सुनेची पाठ दिसत होती, पदर दिसत होता, आणि त्या पदराखालून त्यांचा स्वतःचा आवाज येत होता.

“ह्यो… ह्यो आवाज कोणाचा?” ते म्हणाले.

“तुमचाच,” कावेरीबाई म्हणाल्या. त्या उंबऱ्यात येऊन उभ्या होत्या आणि पदरानं तोंड झाकत होत्या. लाजेनं नव्हे.

आतून माजी पुढं बोलतच होता. गावाचा कारभार, जुना काळ, आपल्याला न विचारता हललेली पानं. साहेबराव एकेक वाक्य ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू तो मष्णाजी पुसला जात होता, ज्याच्यावर ते इतके दिवस हसले होते. ते उठले.

“बंद कर!” ते ओरडले. “बंद कर म्हंतो ना ते!”

अयोध्या वळली. या घरात आल्यापासून पहिल्यांदा तिनं सासऱ्याच्या तोंडाकडं बघून, मधे आत्याबाई न घालता, स्वतःच्या आवाजात उत्तर दिलं.

“न्हाई मामा. संपल्यावर करते.”

तो आवाज गोदूबाईचा नव्हता. जरासा घोगरा होता, न वापरल्यानं गंज धरल्यासारखा, पण चांगला होता. बालाजीसुद्धा दारात थबकून ऐकत राहिला.

साहेबराव तरातरा मीटरकडं गेले आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला. पंखा मंदावला. पडदा काळा झाला. आर गेला, आरमधलं झालेलं सगळं गेलं, खणायलाही काही उरलं नाही. साहेबराव कमरेवर हात ठेवून उभे राहिले, आता बोल म्हणाल्यासारखे.

अयोध्या बोलली. काळ्या पडद्याकडं पाठ करून, बैठकीकडं तोंड करून, माइक बाजूला ठेवून.

“बघा, गेली का लाईट? माजी, तुमीच घालवली ना? आन् आता वायरमनला शिव्या घालाल!”

“मुद्दा असा हाय, गोदू…”

“मुद्दा मीटरपाशी सापडला व्हय शेवटी?”

मंडळाची पोरं आता लपवून हसत नव्हती. शेजारून तनुजा आली, तिच्यामागं आणखी दोघीतिघी. लाईट फक्त याच घरची कशी गेली हे बघायला आल्या आणि ओसरीतच बसल्या. अयोध्यानं अख्खा भाग तोंडी केला. वायरमन, एसटीचा कंडक्टर, अर्धापूरचा केळीवाला, सगळे येऊन गेले. साहेबराव मीटरपाशी उभेच. बसावं तर ऐकायला बसल्यासारखं होतं, जावं तर पळाल्यासारखं.

भाग संपल्यावर शिवशंकर उठला आणि दारापर्यंत आला. “ताई,” तो म्हणाला, “मी कधी म्हणलो न्हाई की हे माझं हाय. म्हंजे… न्हाई म्हणून बी म्हणलो न्हाई.”

“आज म्हणा की,” अयोध्या म्हणाली. “माइक लावलेलाच असेल तिथं.”

संध्याकाळी सत्कार झाला. बॅनरवर शिवशंकरचा फोटो छापला होता, त्यामुळं शाल त्यालाच गेली. चाकुरात छापलेलं बॅनर वाया घालवत नाहीत. पण शाल घेऊन तो माइकवर म्हणाला, की मी नुसती नक्कल करतो, खरी गोदूबाई या गावची सून आहे. मग त्यानं नाव घेतलं. मैदानातल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांच्या शुभहस्ते सत्कार होता ते चेअरमन पोट बिघडल्याचं सांगून घरीच राहिले होते. शाल कुणी घातली ते कुणाला आठवत नाही.

साहेबरावांनी घरात मौन धरलं. बायकोमार्फत निरोप आला: माजी काढून टाक, बाकी काय करायचं ते कर. अयोध्यानं उलट निरोप पाठवला नाही. बैठकीच्या दारात उभी राहून सरळ म्हणाली, “माजी राहणार, मामा. त्याच्याबिगर गोदूबाई कुणाशी भांडल?”

बालाजी दोघांच्या मधे येऊन काहीतरी म्हणणार होता. त्याऐवजी तो जिन्याखाली गेला आणि इन्व्हर्टरची एक वायर ओढून मागच्या खोलीत नेली. टीव्हीची काढली की देवघराची, हे त्यानं सांगितलं नाही, पण त्या संध्याकाळी बातम्या लागल्या नाहीत.

मलप्पानं फोन करून विचारलं, आता नवीन डिस्क टाकू का, अक्का? टाक म्हणाली. पण आर तिनं ठेवला. गल्लीतल्या बायांची कागदं तिथंच उतरतात अन् तिथंच मरतात, आणि गोदूबाईची कापाकापीही तिथंच चालते, कारण पळायचं तर ओट्यावरच पळता येतं. फक्त तयार झालेला भाग ती आता डिस्कवर ठेवते, स्वतःच्या नावाच्या फोल्डरमध्ये, आणि पाठवते तो राजकन्येच्या नव्हे, स्वतःच्या नंबरवरून. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला म्हणते, “म्या अयोध्या, चाकूरहून बोलून राहिले.” त्याच्यावरून गावात अजून दोन तट आहेत. सोसायटीच्या कट्ट्यावर म्हणतात, चेअरमनच्या घरची लाज गेली. पाणवठ्यावर म्हणतात, गेली तर जाऊ द्या, गोदूबाई कधी येणार ते सांगा.

मौन धरलेल्या सासऱ्यामुळं एक झालं, दुपारी घर इतकं शांत व्हायला लागलं, की रेकॉर्डिंगला वाकळही लागेना. साहेबरावांच्या ते लक्षात आलं असावं. परवा अयोध्या दार उघडं टाकून बोलत होती, माजी रंगात आला होता, तेवढ्यात बैठकीतून मुद्दाम, घसा खरवडून काढलेला एक लांबलचक खोकला आला. भाग नासवायला काढलेला. तो थांबला, मग पुन्हा आला, आधीपेक्षा मोठा.

अयोध्यानं पडद्यावर बघितलं. माजीच्या वाक्यानंतर, गोदूबाईच्या उत्तराआधी, खोकला बरोबर मधे जाऊन बसला होता.

“असाच राहू द्या, मामा,” ती आतून ओरडली. “माजी खोकतच येतो, पुढच्या वेळी जरा लवकर काढा.”